टेक्सासमध्ये परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, म्हणजे नक्की कोणाला?

मुक्ता_फ्रिस्को
न्यू जर्सीतून डॅलसजवळ फ्रिस्कोला बिऱ्हाड हलवलं. शेजारी साठीचे एक गृहस्थ आहेत, फार मदत करणारे. त्यांनी गप्पांत सहज सांगितलं की टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. शर्टाखाली लपवा नाहीतर होल्स्टरमध्ये दिसेल असं ठेवा, वय २१ असलं की झालं. तेव्हापासून आमच्याकडे यूट्यूबवर होल्स्टरचे व्हिडिओ चालू आहेत आणि मी डोक्याला हात लावून बसले आहे. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, लेक इथेच जन्मलेली, सहा वर्षांची. ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत.

प्रश्न दोन. हा कायदा आम्हाला लागू होतो का? आणि आम्ही घेतलं नाही तरी दुकानात, बागेत कोणाच्याही कमरेला ते असू शकतं, याची तुम्हा जुन्या टेक्सासकरांना सवय कशी झाली? बंदुका चांगल्या की वाईट यावर हाणामारी कृपया नको.

झक्कास
शेवटचं वाक्य लिहिलंत, आता हाणामारी नक्की. जागा धरून ठेवतोय.

दवबिंदू
मुक्ता, मी ह्यूस्टनला इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात काम करते. स्वतः वकील नाही, पण हा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो. तुझ्या शेजाऱ्यांनी सांगितलं ते त्यांच्यापुरतं बरोबर आहे. तुमच्यापुरतं नाही.

राज्याचा कायदा म्हणतो की ज्याला मुळात बंदूक बाळगायची मुभा आहे, त्याने ती बाहेर नेताना वेगळा परवाना काढायची गरज नाही. मुळात मुभा कोणाला, हे मात्र केंद्राचा कायदाही ठरवतो. त्यात 'नॉन-इमिग्रंट व्हिसा'वरच्या माणसाला बंदूक आणि गोळ्या दोन्ही ठेवायला मनाई आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ सगळे त्यात आले. आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर असणं, दहा वर्षं टॅक्स भरणं, स्वतःचं घर असणं, कशानेही फरक पडत नाही. कमाल शिक्षा पूर्वी दहा वर्षं होती, २०२२ पासून पंधरा. शिवाय बंदुकीचा गुन्हा हे देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे. ग्रीन कार्ड आल्यावर ही मनाई उठते, नागरिकत्वापर्यंत थांबावं लागत नाही.

भाऊ_टल्सा
दवबिंदूताई, अर्धंच सांगितलंत. शिकारीचा परवाना असेल तर व्हिसावाल्यालाही चालतं. माझ्या ओळखीच्या एकाने एच-१बीवर असताना दुकानातून रीतसर घेतलंय, फॉर्म भरून, पार्श्वभूमी तपासणी होऊन.

दवबिंदू
भाऊ, बरोबर, अपवाद आहे. कुठल्याही राज्याचा चालू हंटिंग लायसन्स हातात असेल तर ती मनाई लागू होत नाही. पण 'चालू' या शब्दावर लोक आपटतात. टेक्सासचा वार्षिक हंटिंग लायसन्स ३१ ऑगस्टला संपतो. १ सप्टेंबरला उठून नवा काढला नाही, तर कपाटात बंदूक तीच, माणूस तोच आणि गुन्हा मात्र चालू. ग्रीन कार्डाची इतकी वर्षं वाट बघणाऱ्याने असल्या धाग्यावर लोंबकळावं का, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी तरी घरच्यांना सांगणार नाही.

सोनचाफा
मग शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याने घेऊन चार गोळ्या मारल्या तर? आमची ऑफिसची टीम आउटिंगला गेली होती. निम्मे देशी, सगळे व्हिसावर. 😬

दवबिंदू
कायद्यात 'स्वतःच्या ताब्यात असणं' एवढंच लागतं, मालकी लागत नाही. २०१९चा रेहाईफ खटला बघा. फ्लोरिडात शिकायला आलेला मुलगा, विद्यापीठाने काढून टाकल्यावर व्हिसाची स्थिती संपलेली, तो रेंजवर गेला आणि तेवढ्यावर केस झाली, शिक्षाही झाली. सर्वोच्च न्यायालयाने पुढे म्हटलं की आपण मनाईच्या गटात मोडतो हे त्याला ठाऊक होतं, हेही सरकारने सिद्ध करायला हवं. म्हणजे खरंच ठाऊक नसेल तर बचाव आहे. पण हा धागा वाचलेल्यांना आता तेही म्हणता येणार नाही.

झक्कास
अ‍ॅडमिन, धागा उडवा. माझा बचाव बुडाला.

रोखठोक
घरात बंदूक असणारा इथे मी एकटाच दिसतोय, तेव्हा बोलतो. नागरिक आहे, फोर्ट वर्थजवळ राहतो, घरात दोन आहेत. लोकांना वाटतं परवाना गेला म्हणजे जंगलराज आलं. आधीही गाडीत पिस्तूल ठेवायला टेक्सासमध्ये २००७पासून परवाना लागत नव्हता. दुकानातून घेताना केंद्राची तपासणी आजही होते. पाच वर्षांच्या आत मारहाणीच्या ठरावीक गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बाळगता येत नाही. सार्वजनिक जागी दारू पिऊन झिंगलात तरी नाही.

आणि परवाना काढायला वर्गाची फी, सुट्टी, बोटांचे ठसे. रात्रपाळी करणाऱ्या नर्सने किंवा गॅस स्टेशनवर एकट्या बसणाऱ्या बाईने हे सगळं करायचं आणि दरोडेखोराने मात्र काहीच नाही? त्याने कधी परवाना काढला होता?

तळ्यात_मळ्यात
रोखठोक, दुकानातून घेताना तपासणी होते, मान्य. पण टेक्सासात एका खाजगी माणसाने दुसऱ्याला विकली तर तपासणी बंधनकारक नाही, हे सोयीस्कर गाळलंत.

दरोडेखोर परवाना काढत नाही हे खरं, पण परवान्याचा वर्ग दरोडेखोरासाठी नव्हताच, तुमच्या-माझ्यासारख्यासाठी होता. निदान चार तास कोणीतरी समोर बसवून सांगायचं की गोळी कधी झाडता येते आणि कधी नाही, आणि मग नेम धरता येतो का ते बघायचं. आता कायद्याने राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाला वेबसाइटवर फुकट कोर्स ठेवायला लावलाय. बघा नाहीतर नका बघू. २०२१ला हे विधेयक आलं तेव्हा टेक्सासमधल्याच कितीतरी पोलिस अधिकाऱ्यांनी विरोध केला होता. ते काही पुरोगामी गोतावळ्यातले नव्हेत.

रोखठोक
ज्याला शिकायचंय तो शिकतोच. मी स्वतः परवाना काढलाय, आजही ठेवलाय.

तळ्यात_मळ्यात
का ठेवलाय? लागत नाही ना?

रोखठोक
चांगला प्रश्न, आणि मुक्तालाही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं कारण शाळा. केंद्राचा एक कायदा आहे, शाळेच्या हद्दीपासून १००० फुटांच्या आत बंदूक नको. १९९०ला आला, १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने लोपेझ खटल्यात रद्द केला. तो खटलाही टेक्सासचाच, सॅन अँटोनियोचा. मग काँग्रेसने शब्द बदलून पुन्हा आणला. त्यात त्या राज्याचा परवाना असलेल्याला सूट आहे. 'परवान्याची गरज नसलेल्याला' सूट नाही. उपनगरात १००० फूट म्हणजे काय ते नकाशा काढून बघा, फ्रिस्कोत तर दर वळणावर शाळा. भरलेलं पिस्तूल खिशात ठेवून विनापरवाना माणूस दूध आणायला गेला तरी कागदोपत्री केंद्राचा गुन्हा. त्यावरून रोज कोणाला पकडत नाहीत, पण दुसऱ्या कशावरून पकडलं तर हे कलम जोडायला तयार असतं.

दुसरं, पाट्या. दुकानाला बंदूक नको असेल तर ठरावीक मजकुराची, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, इंचभर उंच अक्षरांची पाटी लावावी लागते. पाट्या कायद्यातल्या कलमांच्या आकड्यांनी ओळखतात: परवानाधारकाने लपवून आणू नये म्हणून ३०.०६, उघड आणू नये म्हणून ३०.०७, आणि बिनपरवाना माणसासाठी ३०.०५. काही दुकानं फक्त शेवटची लावतात, म्हणजे परवानावाल्याला आत येता येतं. बारवर, म्हणजे जिथे निम्म्याहून जास्त कमाई दारूची, लाल रंगात ५१ टक्क्यांची पाटी असते, तिथे दोघांनाही बंदी.

तिसरं, प्रवास. ओक्लाहोमा ओलांडला की पुढच्या राज्यात माझा परवाना चालतो का ते बघता येतं. 'आमच्याकडे लागत नाही' हे काही कागद दाखवणं नव्हे.

तळ्यात_मळ्यात
म्हणजे बिनपरवाना कायद्याचा पाठीराखा स्वतः परवाना घेऊन फिरतो. छान.

रोखठोक
फिरतो. सक्ती आणि शहाणपण यांत फरक आहे.

हिमगौरी
आमच्या व्हरमाँटचं नाव अजून कसं नाही आलं? तुमचं टेक्सास कालचं पोर. इथे परवाना कधीच नव्हता. १९०३मध्ये रटलंड गावाने नियम केला होता की शस्त्र लपवून नेण्याआधी महापौराची किंवा पोलिसप्रमुखाची लेखी परवानगी घ्या. तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेविरुद्ध ठरवला. परवाना देणारी खिडकीच नाही, म्हणून इथल्या माणसाला दुसऱ्या राज्यात दाखवायला आपल्या राज्याचा कागदही मिळत नाही. तो हवा असेल तर परराज्याकडे अर्ज करा. पुढे २००३मध्ये अलास्काने ही सक्ती उठवली, पण परवाने देणं चालू ठेवलं ते याचसाठी. मग २०१०ला अ‍ॅरिझोना, आणि त्यानंतर रांगच लागली. मेन, मिसूरी, केंटकी, आयोवा, जॉर्जिया, ओहायो, २०२३ला फ्लोरिडा, २०२४ला साउथ कॅरोलिना आणि लुइझियाना. मी शेवटचं मोजलं तेव्हा २९ राज्यं झाली होती.

गंमत म्हणजे याच व्हरमाँटने २०१८ला मॅगझिनच्या क्षमतेवर मर्यादा घातली, खाजगी विक्रीलाही तपासणी लावली, आणि २०२३ला खरेदीनंतर ७२ तास थांबायचा नियम आणला. तेव्हा 'परवाना नाही' एवढ्यावरून राज्याची जात ओळखू नका.

उपटसुंभ
आमच्या कोल्हापूरकडे हे वाचून लोक खुर्चीतून पडतील. वडिलांच्या नावावर बारा बोअर आहे, आजोबांपासूनची. निवडणूक लागली की पोलिस ठाण्यात जमा करा, पावती घ्या, निकालानंतर आणा. नूतनीकरणाला चकरा वेगळ्या. त्या बंदुकीने आमच्या हयातीत फक्त माकडं हाकलली, तीही आवाजाने. हल्ली त्यांनाही सवय झालीय.

झक्कास
माकडं परवाना काढतील तेव्हा बघा.

कावेरीकाठ
@उपटसुंभ, भारतातही बिनपरवान्याचा एक कोपरा आहे. कर्नाटकातलं कोडगू, म्हणजे कुर्ग! कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा (वंशपरंपरागत) जमीनधारकांना शस्त्र कायद्याच्या परवान्यातून सूट आहे, इंग्रजांच्या काळापासून. केंद्राने २०१९ला ती २०२९पर्यंत वाढवली. उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, २०२१ला सूट कायम राहिली. मडिकेरीला माझं सासर. मूल जन्मलं की गोळी झाडून वर्दी देतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पलंगाखाली होते.

अ‍ॅडमिन
कृपया मूळ विषयावर या. कोडगूसाठी वेगळा धागा काढावा, मीही वाचेन.

मिनूची_आई
मुक्ता, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात लावला नाही म्हणून लिहिते. मी ऑस्टिनजवळ राहते. दुकानात कोणाच्या कमरेला काय आहे, याची भीती पहिले काही महिने वाटते, मग लक्ष जात नाही. मला खरी भीती घरांची वाटते.

२०२३मध्ये या देशात बंदुकीने ४६,७२८ माणसं गेली, त्यातल्या २७,३०० आत्महत्या. अर्ध्याहून जास्त. बाजारात कोणी हल्ला करेल म्हणून घेतलेली वस्तू वाईट रात्री घरच्याच माणसाच्या हाताला लागते. आणि दुसरं म्हणजे मुलं. लेक सहा वर्षांची आहे ना? मग लवकरच खेळायला बोलावणी येतील. मी प्रत्येक घरी पाठवण्याआधी विचारते, "घरात बंदूक आहे का, असली तर कुलपात असते का?" शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सांगते तेव्हाच, त्याच सुरात. पहिल्यांदा जीभ रेटत नव्हती, आपल्याकडे कोणाच्या घरातलं असं विचारायची पद्धत नाही. पण इथे कोणाला राग आलेला मला दिसला नाही. उलट एक बाबा मला घेऊन जाऊन तिजोरी दाखवत होते. एका घरी उत्तर आलं, "असते, पण वरच्या फळीवर." त्या मुलाला आम्ही आमच्याकडे बोलावतो.

टेक्सासात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवली आणि ती त्याने मिळवली तर मोठ्यावर गुन्हा आहे. पण तो घडून गेल्यावर.

सोनचाफा
अनुमोदन. हे विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

रोखठोक
मिनूच्या आईशी पूर्ण सहमत. माझी कुलपात असते आणि कोणी विचारलं तर मला बरंच वाटतं.

आकडेमोड
हाणामारी नको म्हटलंय म्हणून दोन्ही बाजूंचं सांगतो. परवाने सढळ झाल्यावर गुन्हे घटतात, असं अर्थतज्ज्ञ जॉन लॉट नव्वदच्या दशकापासून मांडत आले. २००४मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेने उपलब्ध पुराव्यावरून घट-वाढ काहीच ठरवता येत नाही असं म्हटलं. नंतर स्टॅनफर्डचे जॉन डॉनोह्यू आणि सहकाऱ्यांनी २०१९ला मांडलं की मागेल त्याला परवाना देणाऱ्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्के जास्त होते. मला स्वतःला डॉनोह्यूंची पद्धत जास्त पटते. पण हे सगळं परवाना सोपा करण्याबद्दल आहे, तो साफ काढून टाकण्याबद्दल नाही. बहुतेक राज्यांनी तो गेल्या दहा वर्षांतच काढलाय, तेव्हा दोन्ही बाजूंनी आकडे तोंडावर फेकणाऱ्यांनी जरा धीर धरा.

मी_प्रवासी
अवांतर, पण महत्त्वाचं. रेंजवर जाणाऱ्यांनो, तीच पाठपिशवी घेऊन भारतात जाऊ नका. कुठल्यातरी चेनच्या कप्प्यात एक गोळी राहते, इथे कोणाला दिसत नाही, आणि परतताना मुंबई-दिल्लीच्या विमानतळावर क्ष-किरणात दिसते. मग शस्त्र कायद्याखाली गुन्हा. नकळत राहिली असेल तर उच्च न्यायालयं असे गुन्हे रद्द करतात, पण तोवर विमान, सुट्टी आणि वकिलाची फी गेलेली असते.

इथल्या विमानतळांवरही लोक कमी विसराळू नाहीत. २०२३मध्ये सुरक्षा तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, नव्वद टक्क्यांहून जास्त भरलेल्या. अटलांटा पहिला, तुमचा डॅलस-फोर्ट वर्थ दुसरा.

झक्कास
मी पाण्याची बाटली विसरलो तर माझ्याकडे अतिरेकी असल्यासारखं बघतात आणि हे लोक पिस्तूल विसरतात?

मुक्ता_फ्रिस्को
सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः दवबिंदूताई आणि मिनूची आई. नवऱ्याला धागा वाचायला दिला. हंटिंग लायसन्सचा भाग वाचून डोळे चमकले होते, ३१ ऑगस्ट वाचून विझले. होल्स्टरची खरेदी रद्द, त्याऐवजी दारावरचा कॅमेरा आणि अंगणात दिवे. शेजाऱ्यांना सांगितलं की आम्हाला कायद्यानेच चालत नाही, तर ते चकित झाले. त्यांना हे माहीतच नव्हतं.

एक शंका राहिली. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही कधी जातो, त्यांच्याकडे असतं. त्याने आम्ही अडचणीत येतो का?

दवबिंदू
त्यांची वस्तू त्यांच्या कमरेला आहे तोवर तुमचा ताबा होत नाही. पण "जरा धरा हं" म्हणून हातात दिली, किंवा ते बाहेरगावी जाताना घरी सांभाळायला ठेवली, तर होतो. दुसरी गोष्ट कृपा करून नम्रपणे टाळा. उद्या तुम्हा दोघांपैकी एकाला आधी ग्रीन कार्ड मिळालं आणि त्याने घेतली, तर ती कुलपात आणि किल्ली फक्त त्याच्याकडे.

अटलांटाकर
उशिरा आलो. ग्रीन कार्ड आहे, जॉर्जियात २०२२पासून परवाना लागत नाही, गाडीच्या कप्प्यात असतं. दिवाळीला सहकुटुंब गाडीने न्यू जर्सीत एडिसनला जातोय. डिकीत टाकलं की झालं ना? केंद्राचा काहीतरी 'सुरक्षित प्रवास' कायदा आहे म्हणतात.

रोखठोक
थांबा! १९८६चा तो कायदा, बंदूक रिकामी आणि हाताला न लागेल अशी डिकीत ठेवून *मधल्या* राज्यातून जाणाऱ्याला वाचवतो, तेही निघायच्या आणि पोचायच्या दोन्ही ठिकाणी ती बाळगायची मुभा असेल तरच. तुम्ही न्यू जर्सीतून जात नाही आहात, तिथेच जात आहात.

वाटेत साउथ कॅरोलिना ठीक. नॉर्थ कॅरोलिनात २०२५ला विधिमंडळाने परवाना उठवायचं विधेयक मंजूर केलं, गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला. निघण्याआधी ताजी स्थिती बघा. व्हर्जिनियात लपवून न्यायला परवाना लागतो. मेरीलँड बाहेरचा परवाना मानत नाही, न्यू जर्सीही नाही.

मुक्ता_फ्रिस्को
न्यू जर्सीचं मी सांगते, तिथून आलेय. २०१३ची गोष्ट तिकडे सगळ्यांना माहीत आहे. फिलाडेल्फियाची एक तरुण आई, पेन्सिल्व्हेनियाचा परवाना असलेली, पूल ओलांडून आली. गाडी थांबवल्यावर पोलिसांना स्वतःहून सांगितलं की पिस्तूल आहे, आणि थेट अटक. किमान साडेतीन वर्षं आत अशी वेळ आली होती. शेवटी २०१५ला गव्हर्नर क्रिस्टींनी माफी दिली.

हिमगौरी
आणि यूटाचा तो माणूस! २००५ला न्यू जर्सीच्या नेवार्क विमानतळावर पुढचं विमान चुकलं, बंदूक असलेली नोंदवलेली बॅग हातात दिली, रात्र हॉटेलात काढली. सकाळी पुन्हा नियमाप्रमाणे बंदूक नोंदवायला गेला तर पोलिसांनी नेलं. आरोप मागे घेतले, त्याने भरपाईचा दावा लावला, तो २०१०ला हरला. रात्री बॅग त्याच्या हातात होती, म्हणजे बंदूक 'हाताशी' होती, असं न्यायालय म्हणालं.

अटलांटाकर
बाप रे. मग घरीच ठेवतो. पण घर दहा दिवस रिकामं, चोरी झाली तर ती गोळ्यांसकट चोराच्या हातात. जमिनीला बोल्टने पक्की करता येते अशी छोटी तिजोरी कोणी वापरली आहे का? बोटाच्या ठशाची की आकड्यांची?

रोखठोक
आकड्यांची घ्या. ठशाची माझी पहिली होती, ओल्या हाताने उघडायची नाही. गोळ्या दुसऱ्या डब्यात, वेगळ्या खोलीत. आणि क्रमांक लिहून फोटो काढून ठेवा, चोरी झालीच तर पोलिस पहिलं तेच विचारतात.